मृणालिनी मुखर्जी यांची दोराची शिल्पं : यात निसर्ग नेमका कुठे आहे?

रानजाई

निसर्गातून प्रेरणा घेणारा शिल्पकार म्हटलं की डोळ्यांपुढे बहुतेक वेळा पशुपक्षी, पानंफुलं अशी कामं येतात. मृणालिनी मुखर्जींची (१९४९-२०१५) शिल्पं त्यात कुठेच बसत नाहीत, आणि तरी त्यांच्यापुढे उभं राहिलं की आपण दाट झाडीत शिरलोय असं वाटतं. म्हणून हा धागा काढतेय.

थोडी ओळख. जन्म मुंबईचा. वडील बिनोदबिहारी मुखर्जी, शांतिनिकेतनच्या कलाभवनातले थोर चित्रकार, सत्यजित राय यांचे शिक्षक. आई लीला मुखर्जी, लाकूड आणि ब्राँझमध्ये काम करणाऱ्या शिल्पकार. त्या देहरादूनला शाळेत कला शिकवायच्या. त्यामुळे मृणालिनींचं बालपण देहरादूनला आणि सुट्ट्या शांतिनिकेतनला गेल्या. एकीकडे हिमालयाचा पायथा, दुसरीकडे शांतिनिकेतनच्या बीरभूम जिल्ह्याची तांबडी माती. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आधी चित्रकला आणि मग चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली भित्तिचित्र. सुब्रमण्यन स्वतः बिनोदबाबूंचे विद्यार्थी.

१९७०च्या आसपास त्यांनी हेम्पचा दोर हातात घेतला आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं त्याच्या गाठी मारून शिल्पं उभी केली. माग नाही, सुई नाही. लोखंडी सांगाडा, रंगवलेला दोर आणि हातांनी मारलेल्या गाठी. माणसाहून उंच, जड, घड्यांवर घड्या पडलेली ही शिल्पं आहेत. त्यांना नावंही कशी, तर 'यक्षी', 'पक्षी', 'वनश्री', 'आदिपुष्प', 'रुद्र'.

आधी स्केच करायचं नाही, छोटा नमुनाही करायचा नाही, ही त्यांची पद्धत. एक गाठ पुढची गाठ ठरवणार. मला वाटतं त्यांच्या कामातला निसर्ग इथे आहे. झाड कसं दिसतं याच्यापेक्षा ते कसं वाढतं हे त्यांनी धरलं. तुम्हाला काय वाटतं?

केतकी_बन

पहिल्यांदाच ऐकलं हे नाव. आत्ता 'वनश्री'चा फोटो पाहिला. कुणीतरी बसलंय आणि आपल्याकडे बघतंय असं वाटून फोन खाली ठेवला. पुन्हा उचलून आणखी दहा फोटो पाहिले.

चऱ्हाट

दोर म्हटल्यावर मी बोलणारच. नाव बघा माझं.

हेम्प म्हणजे काथ्या का, असं कुणी विचारण्याआधी सांगतो: काथ्या नारळाच्या सोडणाचा. हेम्पचा धागा खोडाच्या सालीत असतो, आपल्याकडच्या अंबाडी आणि तागाचा असतो तसाच. खोडं पाण्यात कुजत घालायची, साल सुटली की सोलायची, धुवायची, वाळवायची. त्यातून निघतो तो वाख. आमच्या गावी पोळ्याच्या आधी नवे कासरे आणि दावी वळायचं काम चालायचं ते मी लहानपणी तासन् तास बघितलंय. एक जण टोक फिरवत राहायचा आणि दुसरा वाख भरत मागे मागे सरकत जायचा. दोन पेड एका बाजूला पिळले की ते उलट्या पिळाने एकमेकांवर चढवायचे. दोन्ही पीळ एकमेकांना सुटू देत नाहीत, म्हणून दोर टिकतो.

म्हणजे या बाईंच्या हातात गाठ मारण्याआधीच पीळ आलेला होता. दोराला स्वतःचं वळण असतं, तो मनाविरुद्ध वाकवला की उसळतो. पातळ सुतळीने असं शिल्प उभं राहिलं नसतं. जाड दोराची गाठ बसते ती दगडासारखी, आणि हातांची सालटी काढते. हे काम वर्षानुवर्षं करणं म्हणजे अंगमेहनत आहे, हे शहरातल्या दालनात फिरताना लोकांच्या लक्षात येत नाही.

टाकी_हातोडा

आदर राखून वेगळं मत मांडतो. मला हे शिल्प वाटत नाही. भरतकाम, विणकाम, मॅक्रमे (दोऱ्याला गाठी मारून केलेली कलाकुसर) यांचं मोठं रूप वाटतं. शिल्पात आकाराचा निर्णय असतो. दगडात एक चुकीचा घाव बसला की परत नाही. गाठ सोडवता येते.

निसर्गाशी जवळीक बघायची तर सासवण्याला जा. अलिबागजवळ विनायक पांडुरंग करमरकरांचं शिल्पालय आहे, त्यांच्या राहत्या घरातच. तिथली म्हैस बघा. जनावराच्या अंगाचं वजन, कातडीखालचं हाड, मान वळवण्याची सवय, सगळं त्यात आहे. ज्याने गोठ्यात वेळ काढलाय त्यालाच ती जमते. पुण्याचा १९२८चा शिवरायांचा अश्वारूढ पुतळाही त्यांचाच. घोडा ज्याला कळला त्याचं काम ते. याला मी निसर्गाचा अभ्यास म्हणतो.

मोगरा७

मॅक्रमेवरून आठवलं, सत्तरच्या-ऐंशीच्या दशकात घरोघरी हे चालायचं. कुंडीची शिंकाळी, पर्स, दाराच्या झालरी. माझ्या मावशीने केलेली शिंकाळी अजून आमच्या गॅलरीत आहेत. त्यातली एक गोष्ट मला फार आवडायची. अर्धी गाठ सारखी एकाच बाजूने मारत गेलं की पट्टी आपोआप गोल फिरायला लागते, वेल चढतो तशी. आपण फिरवत नाही, गाठीच फिरवतात. एक डावी, एक उजवी मारली की पट्टी सपाट राहते.

मृणालिनींच्या शिल्पांमधली वळणं बघताना हेच मनात आलं. टाकी_हातोडा, निर्णय नाही असं कसं म्हणता? प्रत्येक गाठीला आहे की.

रानजाई

टाकी_हातोडा, करमरकरांच्या म्हशीबद्दल शंभर टक्के सहमत. ते काम मला अतिशय प्रिय आहे. पण तो एका विशिष्ट म्हशीकडे टक लावून पाहण्याचा मार्ग आहे. दुसराही मार्ग असू शकतो ना? आणि गाठ सोडवता येते हे खरं असलं तरी दोन मीटर उंचीच्या शिल्पात खालची गाठ सोडवायची तर वरचं महिनोन् महिन्यांचं काम उसवावं लागेल. चऱ्हाट यांनी म्हटलंय तसं, गाठ एकदा बसली की बसली.

बडोदेकर_१९

बडोद्याचा विषय आला म्हणून लिहिते. इथल्या कलाशाखेची स्थापना १९५०ची. सुब्रमण्यन सरांच्या शिकवण्यातली मोठी गोष्ट ही की हस्तकला खालची आणि कला वरची ही पायरी त्यांनी मानलीच नाही. खेळणी, कुंभारकाम, विणकाम, काचेमागची चित्रं, सगळ्याला त्यांनी हात घातला. दर काही वर्षांनी भरणाऱ्या फाइन आर्ट्स फेअरसाठी विद्यार्थी आणि शिक्षक मिळून विकायच्या वस्तू, मुखवटे, खेळणी बनवत. या वातावरणात एखादी विद्यार्थिनी बाजारातला दोर उचलते आणि त्यातून भित्तिचित्राऐवजी भिंतीवरून सुटून पुढे येणारं काहीतरी करते, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

त्यांचा प्रवासही तसाच आहे. १९७२मध्ये दिल्लीत पहिलं एकल प्रदर्शन झालं. त्या सुमाराची कामं भिंतीला धरून आहेत. पुढे ती छतावरून लटकायला लागली. नव्वदच्या दशकात ती जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभी राहिली. भिंत सुटायला वीस वर्षं लागली. मागे जाऊन कामं क्रमाने पाहिली तर हे स्पष्ट दिसतं.

टाकी_हातोडा, त्यांच्या गुरूंच्या दृष्टीने तुमचा आक्षेप म्हणजे कौतुकच ठरलं असतं.

सदाफुली

बस्तरच्या ढोकरा पद्धतीने, म्हणजे मेण गाळून धातू ओतत, ब्राँझ करणाऱ्या त्या याच ना? दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलात त्यांचा कलिंगातला अशोक आहे.

बडोदेकर_१९

त्या मीरा मुखर्जी (१९२३-१९९८), वेगळ्या शिल्पकार. बस्तरच्या घडव्यांमध्ये, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारागिरांमध्ये राहून त्यांनी ओतकाम शिकलं. आडनाव एक, दोघीही मोठ्या, म्हणून गल्लत होते.

सदाफुली

धन्यवाद. दोघींचं काम शेजारी ठेवून बघते आता.

गारंबी

नावांबद्दल बोलायचं राहिलंय. यक्षी, वनश्री, रुद्र, नागदेवता. पण यातली एकही मूर्ती शास्त्राप्रमाणे नाही. हातात आयुध नाही, वाहन नाही, किती हात हेही कळत नाही. पाकळी कुठे संपते आणि ओठ कुठे सुरू होतात ते सांगता येत नाही. तरी देवत्व जाणवतं.

मला हे आपल्या देवरायांशी जोडल्याशिवाय राहवत नाही. सह्याद्रीतल्या देवराईत शिरा. तिथला देव बहुतेक वेळा घडवलेला नसतोच. शेंदूर फासलेला तांदळा, कधी वारूळ, कधी झाडाचं खोड. आणि भोवती काय असतं? माझं सदस्यनाव ज्या वेलीवरून घेतलंय ती गारंबी. मांडीएवढी जाड, पिळा घालत शेजारच्या चार झाडांवरून गेलेली, हातभर लांबीच्या शेंगा लोंबणारी. ती वेल पाहिलेल्या माणसाला मृणालिनींचं शिल्प परकं वाटणार नाही. दोराचा पीळ आणि वेलीचा पीळ एकच. तिथे कुणी झाड तोडत नाही, कारण देव आणि रान वेगळे काढता येत नाहीत. त्यांच्या शिल्पातही मला तेच दिसतं.

टाकी_हातोडा

देवराईवरचं सगळं पटलं, पण ते शिल्पकाराचं नाही, तुमचं आहे. त्या बंगालच्या-देहरादूनच्या. सह्याद्रीची गारंबी त्यांच्या कामावर लादू नका.

गारंबी

त्यांनी गारंबी पाहून केलं असा माझा दावा नाहीच. बघणारा स्वतःचं रान घेऊनच दालनात येतो. बीरभूमच्या माणसाला तिथे शालवृक्ष दिसेल. आणि यक्षीची कल्पना बंगालपुरती कुठे आहे? झाडाला लगटून उभी असलेली स्त्री सांची-भारहूतपासून देशभर आहे.

शेवगा

देवराईवर वेगळा धागा काढा कुणीतरी. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात केलेल्या अभ्यासापासून सुरुवात करता येईल. आमच्या भागातली राई आता दहा-बारा झाडांवर आलीय. भोवतीचं जंगल गेलं आणि मध्ये मोठं सिमेंटचं देऊळ आलं. वेल आधी तोडली, कारण ती मंडपात येत होती. फार वाईट वाटतं.

केतकी_बन

एवढ्या गाठी मारूनही विषय सुटत चाललाय :) पण सुटू दे, छान चाललंय. चऱ्हाट लांबलं तरी चालेल.

पर्णसंभार

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून रानजाईंच्या मूळ प्रश्नाकडे येते.

प्राण्याची वाढ आणि झाडाची वाढ यात एक मूलभूत फरक आहे. म्हशीच्या वासराला जन्मताच चार पाय, दोन डोळे, एक शेपूट असं सगळं ठरलेलं असतं, पुढे फक्त आकार वाढतो. झाडाचं तसं नसतं. त्याच्या टोकाशी सतत विभागणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो, आणि तो आयुष्यभर तेच तेच घटक करत राहतो: कांड्याचा तुकडा, पान, पानाच्या बगलेत कळी. पुन्हा तुकडा, पान, कळी. किती पानं येणार, किती फांद्या फुटणार हे कुठे लिहिलेलं नसतं. उजेड, पाणी, शेजारचं झाड, वारा यांना उत्तर देत देत आकार ठरत जातो. म्हणून एकाच जातीची दोन झाडं कधी सारखी नसतात, तरी आंबा लांबून ओळखू येतो.

आता गाठीकडे बघा. एकच साधी कृती, हजारो वेळा. आराखडा नाही. दोराचं वजन, सांगाड्याचा आधार, आधीची वळणं यांना उत्तर देत पुढे जायचं. झाडाच्या वाढीचा नियम या बाईंनी हातात उतरवला होता असं मी म्हणेन. करमरकरांची म्हैस आणि मृणालिनींची वनश्री यातलं अंतर मला म्हणूनच फार बोलकं वाटतं. प्राणी घडवायचा तर एकूण आकार आधी डोळ्यांत हवा. वनस्पती घडवायची तर एक घटक आणि पुष्कळ धीर हवा.

चऱ्हाट

पर्णसंभार, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. अनुमोदन, दहा वेळा.

मोगरा७

+१. अर्ध्या गाठीचं माझं वेलीचं निरीक्षण आता मला जास्तच आवडायला लागलंय.

दृष्टीआड

वडिलांबद्दल एक मुद्दा. बिनोदबाबूंची नजर जन्मापासूनच अधू होती; एका डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नसे, दुसऱ्याने जेमतेम. तरी त्यांनी १९४७च्या सुमारास शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचं ते अफाट भित्तिचित्र पूर्ण केलं. १९५६-५७च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर दृष्टी पूर्णच गेली. त्यानंतरही ते थांबले नाहीत. कागद कापून चित्रं केली, मेणाच्या आकृत्या केल्या, १९७२मध्ये कलाभवनात सिरॅमिकच्या फरशांचं भित्तिचित्र केलं.

वडिलांची दृष्टी गेली तेव्हा मृणालिनी शाळकरी वयाच्या होत्या. घरात वडील हातांनी बघतायत आणि आई लाकूड कोरतेय. अशा घरातल्या मुलीने बोटांवर विश्वास ठेवणारं माध्यम निवडावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. मी स्वतः दृष्टिहीन मुलांबरोबर काम करतो. गाठींचा पृष्ठभाग बोटांना वाचता येतो. प्रदर्शनांत या शिल्पांना हात लावू देत नाहीत याचं मला दरवेळी दुःख होतं.

बडोदेकर_१९

सुंदर लिहिलंय. एवढंच म्हणेन की कलाकाराचं काम घरच्या घटनांवरून समजावून देताना जपावं. विशेषतः बाईचं काम वडिलांकडून आलं असं फार पटकन म्हटलं जातं. लीलाताई नेपाळच्या पारंपरिक कारागिराकडे लाकूडकाम शिकल्या, पुढे आयुष्यभर शिल्पं करत राहिल्या. त्यांच्यावर किती कमी लिहिलं गेलंय!

दृष्टीआड

लीलाताईंबद्दलचं मान्य, म्हणूनच वर त्यांचं नाव बरोबरीने घेतलं. स्पर्शाचा मुद्दा मात्र सोडत नाही.

टाकी_हातोडा

शांतिनिकेतन निघालं तर तिथले शिल्पकार रामकिंकर बैज यांना कसं विसरता? १९३५ची 'सुजाता' निलगिरीच्या झाडांमध्ये उभी आहे, तीही झाडासारखीच सडपातळ. १९३८चं 'संथाल कुटुंब' सिमेंट आणि तिथल्याच लाल खड्यांचं. उघड्यावर, झाडांखाली, पावसात. लहानपणी सुट्ट्यांमध्ये मृणालिनींनी ही कामं येता-जाता पाहिली असणार. इथे निसर्ग आहे हे मी लगेच मान्य करतो. दिल्लीला रिझर्व्ह बँकेच्या दारात दगडातले यक्ष-यक्षीही त्यांचेच.

रानजाई

वा! यक्षीचा धागा रामकिंकरांपासून मृणालिनींपर्यंत आणून तुम्हीच जोडलात. आणि बघा, खडे जिथले तिथले घ्यायचे, बाजारातला दोर घ्यायचा, ही वृत्तीही एकच. संगमरवर मागवायचा नाही.

जतन_विभाग

मी वस्तुसंग्रहालयात तंतूंच्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. या शिल्पांकडे आमच्या नजरेनेही बघा. सालीचा धागा हवेतली ओल शोषतो आणि सोडतो. पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. उजेडाने रंग उडतो आणि धागा ठिसूळ होतो. घड्यांमध्ये धूळ बसते, ती ओल धरते, ओल बुरशीला बोलावते, कसर लागते ती वेगळीच. त्यात शिल्प लटकतं असेल तर स्वतःच्या वजनाने ते हळूहळू ओघळतं. धूळ काढायची तर मऊ ब्रश आणि जाळी लावलेला कमी ओढीचा व्हॅक्यूम, गाठीगाठीतून. एका मोठ्या शिल्पाला कित्येक दिवस जातात.

पण मला या कामात कंटाळा कधी आला नाही. दगडाच्या शेजारी बसून तो म्हातारा होताना दिसत नाही. तंतूचं वय दिसतं. दृष्टीआड यांची हात लावण्याची इच्छा कळते, पण हातांचा घाम आणि तेल धाग्याला फार महाग पडतं. स्पर्शासाठी त्याच दोराचा, त्याच गाठींचा एक तुकडा शेजारी ठेवता येतो. प्रत्येक संग्रहालयाने ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

दृष्टीआड

हे फार छान सुचवलंत. मनापासून आभार.

भट्टीवाला

दोरानंतरचं काम कुणीच काढलं नाही. १९९६मध्ये त्या नेदरलँड्सच्या युरोपियन सिरॅमिक वर्क सेंटरमध्ये काम करायला गेल्या आणि मातीकडे वळल्या. 'नाइट ब्लूम' नावाची शिल्पमालिका त्या काळातली.

मी माती भाजतो, म्हणून सांगतो, हे माध्यमांतर सोपं नाही. दोर हळूहळू वाढवता येतो, आज थांबून उद्या पुढे जाता येतं. माती वाट बघत नाही. ओली असते तेवढा वेळच तुमचा. वाळताना आणि भाजताना मिळून ती साधारण दहा टक्के आकसते. एक भाग जाड, एक पातळ राहिला तर दोन्ही वेगळ्या वेगाने वाळतात आणि मध्ये तडा जातो. जाड भागात ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि तुकडा फुटतो. मोठ्या घडीदार पाकळ्या करायच्या म्हणजे मातीचे पातळ पत्रे वळवून एकमेकांवर चढवायचे आणि आतून पोकळ ठेवायचे. गंमत अशी की केळीचा खांबही तसाच असतो, पानांचे देठ एकावर एक गुंडाळलेले. पर्णसंभार, बरोबर ना?

झिलईबद्दल तर काय सांगू. भट्टी उघडेपर्यंत रंग कुणाच्याच हातात नसतो.

पर्णसंभार

अगदी बरोबर. केळीला खरं खोड जमिनीखाली असतं, वर दिसतो तो देठांचा गुंडाळा. नवं पान मधून वर येतं.

ओतारी

आणि मग २००३पासून ब्राँझ. माझ्या मते त्यांची शेवटची 'पामस्केप' मालिका सगळ्यात वरची. ताडामाडाची झावळी, तिची कोश सोडून फुटणारी पाती, पाठीवरची रेघ न् रेघ, आणि एकूण आकार मात्र अर्धवट प्राण्याचा, अर्धवट कातळाचा.

मेण गाळून ओतायची पद्धत आपल्याकडे जुनीच. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात ती सविस्तर दिलीय. मेणाची आकृती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. साचा फोडावा लागतो, म्हणून प्रत्येक नग एकच. मेण हे मोठं मवाळ माध्यम आहे. पातळ मेणपत्रा पानावर दाबला तर शिरा उमटतात, उबदार हातांनी वळवला तर वळतो. गाठी मारणाऱ्या हातांना ते का आवडलं असेल हे मला लगेच कळतं.

टाकी_हातोडा, तुमचा आक्षेप दोराला होता. ही कामं बघून बोला.

सदाफुली

अँडी गोल्ड्सवर्दी या ब्रिटिश शिल्पकाराचं नाव घेते. पानं काट्यांनी जोडून, बर्फाचे तुकडे एकमेकांना चिकटवून जंगलातच रचना करतात, फोटो काढतात आणि रचना तिथेच विरून जाऊ देतात. निसर्गाबरोबर काम करणं म्हणतात ते मला तिथे जास्त दिसतं. मृणालिनींचं काम शेवटी दालनातच उभं राहतं ना?

शेवगा

दोन्हीची तुलना नको. एक जण रानात जाऊन काम करतो, दुसरी रान दिल्लीच्या कार्यशाळेत आणते. भरवस्तीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना दुसऱ्याचीही गरज आहे.

पायवाट

२०१५मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातलं त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन मी पाहिलंय. दोर, माती, ब्राँझ सगळं एका छताखाली. जयपूर हाउसच्या त्या दालनांत शिल्पं इतकी जवळ जवळ होती की वाट काढत जावं लागे. प्रदर्शन सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत, फेब्रुवारीत, त्या गेल्या. मी गेलो तेव्हा ही बातमी सगळ्यांना माहीत होती. लोक फार हळू बोलत होते.

जगाने त्यांच्याकडे नीट पाहिलं ते त्यानंतर. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं. २०२२च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात दोराची शिल्पं होती. लंडनच्या टेट संग्रहालयाने तर जास्वंदीचं नाव दिलेलं 'जौबा' संग्रहात घेतलंय. १९९४मध्ये ऑक्सफर्डला प्रदर्शन झालं होतं खरं, पण मधल्या काळात आपल्याकडे 'हे हस्तकलेत टाकू की शिल्पात' याच वादात वेळ गेला. एवढं काम करणाऱ्या बाईला हयातीत हा मान मिळायला हवा होता, याचा मला राग येतो.

बडोदेकर_१९

राग येणं बरोबर आहे. पोलंडच्या माग्दालेना अबाकानोविच यांना तंतूंच्या शिल्पांसाठी साठच्या दशकातच जगाने डोक्यावर घेतलं होतं.

टाकी_हातोडा

दोन दिवस पामस्केपची छायाचित्रं मोठी करून बघतोय. ओतारी, ही कामं पहिल्या दर्जाची आहेत. वजन कुठे टेकतंय, कुठे हवेत सुटतंय याचा हिशेब पक्का आहे. आणि एक गोष्ट मी शिल्पकार म्हणून सांगतो: हा हिशेब पन्नाशीनंतर अचानक येत नाही. तो दोरात तयार झालेला असणार. म्हणून परत जाऊन 'पक्षी' आणि 'वनश्री' पाहिलं. भार कसा ओघळतो आणि कुठे अडवलाय, हे तिथेही दिसतं.

मॅक्रमेचं मोठं रूप हा शब्दप्रयोग मी आता वापरणार नाही. पण माझा एक आक्षेप शिल्लक आहे. पर्णसंभार म्हणतात तसं आराखडा नसताना वाढत जाणं हे झाडाला ठीक आहे, झाडाला थांबायचं कधी हे ठरवावं लागत नाही. शिल्पकाराला लागतं. मृणालिनींचं मोठेपण मला त्या थांबण्यात दिसतं, वाढीत नाही.

पर्णसंभार

हा मुद्दा मला मनापासून आवडला. एक भर घालते. झाडाचं टोकही कधी कधी थांबतं. त्या पुंजक्यातून पानं येता येता फूल आलं की त्या टोकाची वाढ तिथेच संपते. फूल म्हणजे त्या फांदीचा शेवटचा निर्णय. त्यांच्या इतक्या कामांना फुलांची नावं आहेत हे या प्रकाशात बघा.

रानजाई

टाकी_हातोडा आणि पर्णसंभार, माझ्या प्रश्नाला मी मांडलं होतं त्याहून नेमकं उत्तर मिळालं. वाढ हातांची आणि थांबणं नजरेचं.

कुणी दिल्लीला जाणार असेल तर किरण नाडर संग्रहालयात त्यांची कामं आहेत, जाण्याआधी सध्या काय मांडलंय ते विचारून घ्या. आणि सासवण्याला जायचा बेत कोण कोण करतंय? मला म्हैस पुन्हा बघायचीय, टाकी_हातोडा बरोबर असतील तर जास्तच आवडेल.

टाकी_हातोडा

पावसाळा सरला की ठरवू. चऱ्हाट यांना घेऊन या. सासवण्याच्या किनाऱ्यावर होड्यांचे दोर बांधताना बघायला मिळतील.

चऱ्हाट

येणार. होड्यांचे दोर आता नायलॉनचे असतात, पण गाठी त्याच आहेत. मोगरा७, तुम्हीही चला, ती फिरणारी अर्धी गाठ मला शिकायचीय.